दाढ दुखायची थांबली की पेशंट जातो कुठे?

प्रश्न : गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात माझा दातांचा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक मदतनीस. जवळच नवे क्लिनिक उघडले आणि त्यांनी रूट कॅनालवर सवलतीचा फलक लावला. घरचे म्हणतात, तूही दर उतरव, कर्ज काढून दुसरी खुर्ची घे. काय करू?
– एक दंतवैद्य, साखळी

उत्तर : डॉक्टर, दर उतरवू नका. फलक तर मुळीच नको. जाहिरात करून पेशंट ओढणे आपल्या आचारसंहितेत बसत नाही.

आधी गेल्या वर्षाची नोंदवही काढा. रूट कॅनाल झाले पण कॅप बसवायला आलेच नाहीत, असे पेशंट शोधा. फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात मी दर महिन्याला ही यादी करते. ठणका थांबला की माणसाला वाटते, काम झाले. पण किडीने पोखरलेली दाढ कॅपशिवाय राहिली तर चावताना चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते. हे पहिल्याच दिवशी एक्स-रे समोर धरून समजवा. रूट कॅनाल आणि कॅप, दोन्हींचा खर्च एकाच कागदावर मराठीत लिहून द्या. माझा अनुभव सांगते, लोक खर्चाला तितके बिचकत नाहीत, जितके मागाहून कळलेल्या खर्चाला बिचकतात. यादीतल्यांना फोन तुम्ही स्वतः करा. 'काकी, दाढ कशी आहे?' एवढेच विचारा, पैशांचा विषय काढू नका.

वाळपई, केरीकडून बसने येणाऱ्यांना चार खेपा घालायला लावू नका. जमेल तेवढे काम एका बैठकीत उरका आणि त्यांना सकाळची वेळ द्या, म्हणजे दुपारी बाजार बंद व्हायच्या आत त्यांची बाकीची कामेही होतील.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते मधुमेहाबद्दल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, देशात सर्वाधिक. साखर चढी राहिली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते. म्हणून हिरड्यांतून रक्त येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला साखर कधी तपासली ते विचारा. शंका आली तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करायला सांगा आणि त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहा. साखळी-डिचोलीतल्या डॉक्टरांना जाऊन भेटा. हिरड्यांची काळजी घेणारा दंतवैद्य त्यांनाही हवाच असतो. अशा पेशंटला दर तीन-चार महिन्यांनी बोलवावे लागते, तो घरच्यांनाही घेऊन येतो. माझा दवाखाना वाढला तो यामुळे.

ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघालेले हत्यारांचे पाकीट पेशंटच्या डोळ्यांसमोर फोडा, त्यावरची रंग बदललेली खूण दाखवा.

दुसरी खुर्ची? चतुर्थीचे सामसूम दिवस सोडून सलग काही महिने पेशंटला आठवड्याच्या आत वेळ देणे जमेनासे झाले, तरच. आणि तेव्हाही आधी दुसरी मदतनीस ठेवा. हत्यारे धुऊन, पाकिटात भरून तयार ठेवायला हात नसतील, तर नव्या खुर्चीवर पेशंट नुसता ताटकळत बसेल. नवे एक्स-रे यंत्र घेणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याचे काम कर्जाच्या अर्जाआधीच हाती घ्या.