विजेचे दर वाढले की मराठवाड्यातली घरं खरंच वीज कमी वापरतात का?

वापरतात, पण लगेच नाही आणि वाटतं तेवढीही नाही. लातूर-बीडकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बिल कितीही येऊ द्या, कूलर कोण बंद करतंय? फ्रिजचंही तेच. पहिली गदा येते गिझरवर. 2000 वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, म्हणून गावाकडं तुराट्या-पळाट्यांवर बंब पेटतो.

लोक दरापेक्षा स्लॅबकडं जास्त बघतात. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. शंभर ओलांडले की सगळंच बिल महाग होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. तरी त्या भीतीनं सासूबाई महिनाअखेरीला मीटर बघून येतात न् रिकाम्या खोलीतला पंखा बंद करतात!

खरा फरक वस्तू बदलताना पडतो. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, तिशीच्या आसपास. ऐपत असलेले छतावर सोलर बसवतात. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. भाडेकरूला मात्र छतच नसतं, त्यानं काय करावं?