बाहेर पंचेचाळीस, प्रोसेसर नव्वद: कूलर कुठला घ्यायचा?

प्रश्न: सर, मी अकोल्याचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आणि बी५५० मदरबोर्ड आहे. दुकानदाराने (उष्णता वाहून नेणाऱ्या) दोन पाइपचा छोटा कूलर लावून दिलाय, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर टाकला, म्हणजे चित्र तयार करायला लावलं, की तापमान सरळ ९० वर जाऊन चिकटतं. मला ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या वर, प्रोसेसरचे सगळे कोर ४.८ गिगाहर्ट्झला न्यायचेत. यूट्यूबवर एकाने ३६० चा (३६० मिलिमीटर रेडिएटरचा) लिक्विड कूलर लावून तापमान ७० च्या आसपास ठेवलंय. दहा-बारा हजार साठवलेत, कुठला घेऊ?

उत्तर: मित्रा, आधी ते पैसे खिशातच राहू दे.

९० बघून घाबरू नको, तो या प्रोसेसरचा ठरवून दिलेला वरचा आकडा आहे, तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, जळत नाही. आणि बॉक्सवर १०५ वॅट लिहिलंय म्हणून १०५ च खातो असं नाही, फुल लोडवर तो सॉकेटमधून (बोर्डावर तो बसतो ती जागा) १४२ वॅटपर्यंत ओढतो, आणि कंपनीने बॉक्समध्ये कूलर दिलेलाच नाही म्हणजे चांगला कूलर तू घेणार हे त्यांनी धरलेलंच होतं. त्यावर दोन पाइपचा कूलर लावणं हा दुकानदाराचा कंजूसपणा झाला.

आता त्या यूट्यूबवाल्याच्या ७० चं बघू. कूलर हवेचा असो की पाण्याचा, शेवटी उष्णता खोलीतल्या हवेलाच देतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड तो प्रोसेसरला करूच शकत नाही, आणि म्हणून रिव्ह्यूमधला नुसता आकडा बघायचा नसतो, खोलीपेक्षा किती वर गेला ते बघायचं असतं. समजा त्याची खोली एसी लावून २२ वर होती, तर ७० म्हणजे खोलीच्या वर ४८. तोच कूलर, तोच लोड, आणि मे महिन्यात अकोल्यात दुपारी तुझी खोली ३९ वर असली तर झाले ८७! म्हणजे बारा हजार घालून तू परत तिथेच. कॅबिनेटच्या आत ग्राफिक्स कार्डने तापवलेली हवा असते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट या प्रोसेसरचीच आहे. आठही कोर एकाच चिपलेटवर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपवर) आहेत, साधारण ८० चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी चकती समज, सगळी उष्णता तिथूनच बाहेर यायची. नळाची तोटीच बारीक असेल तर टाकी मोठी घेऊन बादली लवकर भरत नाही, तसं आहे हे. चांगला दोन फॅनचा टॉवर, म्हणजे उभा हवेचा कूलर, आणि ३६० चा लिक्विड यांच्यात या चिपवर काही डिग्रीचाच फरक पडतो, पैशात मात्र तिप्पट.

आणि ४.८ चा हट्ट सोड, खरंच. चिपची उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढतेच पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तिथे मार बसतो. हिशोब करून बघ: १.२० व्होल्टवर ४.४ चालतंय आणि ४.७ साठी १.३५ द्यावे लागले तर स्पीड वाढला सात टक्के, उष्णता वाढली पस्तीस टक्के. ४.८ साठी त्याहून जास्त. वर सगळे कोर एका आकड्यावर लॉक केले की एकट्या कोरचा बूस्ट, म्हणजे आपोआप वाढणारा स्पीड, जो गेममध्ये उपयोगी पडतो, तोच कमी होऊन बसतो.

मग काय करायचं? सहा पाइपचा, दोन फॅनचा टॉवर घे. थर्मलराइटचा पीयरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूलचा एके६२०, जो स्वस्त मिळेल तो, तीन ते पाच हजारांत काम होतं. नॉक्चुआचा एनएच-डी१५ अप्रतिम आहे, आवाजही फार कमी, पण विद्यार्थ्याने घ्यायची वस्तू नाही ती. घ्यायच्या आधी कॅबिनेटचं वेबपान उघडून कूलरची कमाल उंची किती ते वाच: पीयरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर, एके६२० १६०, डी१५ तर १६५. स्वस्त कॅबिनेटमध्ये पाच मिलिमीटरसाठी काचेचं झाकण लागत नाही आणि मग पोरं झाकण उघडं ठेवून वापरतात. रॅमला उंच पंख असतील तर पुढचा फॅन थोडा वर सरकवावा लागतो, तेवढी उंची परत मोज.

कूलर लागला की बायॉसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीबीओ या बूस्टच्या सेटिंगच्या आत कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, तिथे सगळ्या कोरना निगेटिव्ह १५ दे. याने प्रत्येक कोरला थोडं कमी व्होल्टेज मिळतं, चिप थंड राहते आणि थंड राहिली म्हणून स्वतःच जास्त वर बूस्ट करते, म्हणजे ओव्हरक्लॉक करून जे हवं होतं तेच, पण उलट्या दाराने. चाललं तर २० करून बघ. नाही झेपलं तर पीसी मध्येच रिस्टार्ट होतो, बऱ्याचदा लोड नसताना होतो, मग दोन-तीन आकडे मागे ये. उन्हाळ्यापुरती पॉवर लिमिट १४२ वॅटवरून ११० वर आण, रेंडरला फार थोडा वेळ जास्त लागेल. आणि टेस्ट दुपारी दोनला कर, प्रोसेसरवर लोड टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं लूपवर आणि बाजूला तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. रात्री अकराला थंड वाटलेलं सेटिंग अकोल्याच्या दुपारी टिकेलच असं नाही.

जुना कूलर काढताना मात्र जपून, तुझ्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला आहेत. मधली थर्मल पेस्ट (उष्णता कूलरला पोचवणारा लेप) वाळली असली की कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसर त्याला चिकटून लॉक असतानाच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं काहीतरी जड चालवून पेस्ट मऊ कर, पीसी बंद करून प्लग काढ, स्क्रू सोड, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरव, सैल झाल्यासारखा लागला की उचल. नवीन कूलरच्या बुडाचं प्लास्टिक काढायला विसरू नको, हसू नको, हे फार जण विसरतात.

हां, आणि खोलीत वाळ्याचा डेझर्ट कूलर असेलच, तर तो खुशाल लाव, हवा थंड होते म्हणजे प्रोसेसरही तेवढाच खाली येतो. फक्त पीसी त्याच्या झोतासमोर नको, बोअरच्या पाण्याचे तुषार उडतात आणि क्षार बोर्डावर बसतो.

प्रश्न: मी चिंचवडचा. हायपर २१२ कूलर जुन्या चौथ्या जनरेशनच्या आय५ वर वर्षानुवर्षं मस्त चालला. आता आय५-१२६००के आणि बी६६० बोर्ड घेतलाय, ओव्हरक्लॉक करायचंय. दुकानदार म्हणतो तोच कूलर थोडा दाबून बसेल. बसेल का?

उत्तर: दाबून बसवू देऊ नका. तुमच्या जुन्या सॉकेटपासून एलजीए १२०० पर्यंत कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, तुमच्या नव्या एलजीए १७०० ला ते ७८ झालं, शिवाय प्रोसेसर बोर्डापासून थोडा खाली बसतो. जुनं ब्रॅकेट ओढूनताणून लावलं तर एका कोपऱ्यात दाब, दुसऱ्यात फट, आणि बोर्ड वाकतो तो वेगळा. १७०० चं माउंटिंग किट तुमच्या मॉडेलला मिळतंय का बघा, मिळालं तर कूलर ठेवा, कारण हा प्रोसेसर टर्बोला, म्हणजे पूर्ण जोरात, १५० वॅटपर्यंत जातो आणि चार पाइपचा २१२ तेवढं ओढून नेतो. नाही मिळालं तर एके४०० सारखा साधा टॉवर घ्या.

पण खरी अडचण कूलरची नाहीच हो. 'के' प्रोसेसर घेतलात पण बोर्ड बी६६०, त्यावर मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा गुणक) वाढवून ओव्हरक्लॉक होत नाही, त्याला झेड६९० किंवा झेड७९० लागतो. रॅमचा स्पीड वाढवता येईल, तेवढं करा. प्रोसेसर स्वतःहून एका कोरवर ४.९ पर्यंत जातोच, त्यामुळे बोर्ड बदलायला मी तरी सांगणार नाही.

प्रश्न: नमस्कार सर, मी सांगलीची, शाळेत शिकवते. मुलगा बारावीला आहे, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आय५-१२४००एफ आहे. तो म्हणतो लिक्विड कूलर नसेल तर कॉम्प्युटर खराब होईल. पाणी गळालं तर काय, ही मला भीती.

उत्तर: ताई, गळण्याचं प्रमाण फार कमी असतं, ते सीलबंद येतात. खरी गोष्ट ही की त्यातला पंप आज ना उद्या बिघडतो, आणि मग अख्खा कूलर बदलावा लागतो. हवेच्या कूलरचा फॅन गेला तर तीन-चारशेचा नवा फॅन लावून पुन्हा चालू.

पण तुमच्या मुलाच्या प्रोसेसरला हे काहीच लागत नाही. तो साधारण ६५ वॅटचा, जोर लावला तर ११७, आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी कंपनीने तो उघडा ठेवलेलाच नाही. बॉक्समधल्या कूलरवर खराब होणार नाही, फक्त गेम खेळताना आवाज करेल. आवाजाचा त्रास असेल तर दोन-अडीच हजारांचा एक फॅनचा टॉवर पुरे. लिक्विड कूलर त्याला काचेतून दिसणाऱ्या रंगीत दिव्यांसाठी हवाय असा माझा अंदाज, एकदा विचारून बघा. दिवेच हवे असतील तर दिव्यांचे फॅन वेगळे मिळतात, ते बारावीच्या रिझल्टनंतर.