ऑर्केस्ट्रा झाला, उरले १८ हजार. आता क्लबने पुढे काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: लायन्स क्लब दोन वर्षांचा, सदस्य २८, गाव तालुक्याचं. फेब्रुवारीत ऑर्केस्ट्रा ठेवला. तिकिटं आणि जाहिराती मिळून २ लाख ३५ हजार जमले आणि सगळी बिलं भागवल्यावर हातात राहिले १८,४०० रुपये. आता बैठकीत एक गट म्हणतो, पुढच्या वर्षी मोठा गायक आणू. दुसरा म्हणतो, हे बंद करून सदस्यांनीच पाच-पाच हजार काढावेत. तिसऱ्याला त्या १८ हजारांत पदग्रहणाचं जेवण बसवायचंय. तुम्ही नवे खजिनदार, आणि निधी उभारायची नीट रीत विचारताय.

मी कराडकडचा. लायन्समध्ये बावीस वर्षं झाली, त्यातली चार खजिनदारकीत गेली. तिसऱ्या गटाचं आधी निकाली काढू, कारण बाकी दोन्ही वाद चालले तरी क्लब मोडत नाही, या एकाने मोडतो.

त्या पैशाला जेवणासाठी हात लावायचा नाही. लायन्सचा नियम स्पष्ट आहे: लोकांकडून गोळा केलेला पैसा लोकांच्याच कामाला जायचा. कार्यक्रमाचा थेट खर्च, म्हणजे हॉल, साउंड, छपाई, त्यातून वजा करता येतो. पण क्लबचं जेवण, प्रांतपालांच्या, म्हणजे आपल्या भागातल्या सगळ्या लायन्स क्लबांच्या प्रमुखांच्या भेटीचा हार-शाल, बॅनर हे सगळं सदस्यांच्या वर्गणीतून. म्हणून बँकेत खाती दोन हवीत, एक प्रशासकीय, एक सेवेचं. टेल ट्विस्टरने, म्हणजे बैठकीत गंमतीने दंड करणाऱ्या पदाधिकाऱ्याने, सदस्यांना केलेले दहा-वीस रुपयांचे दंड पहिल्या खात्यात, तिकिटाचा प्रत्येक रुपया दुसऱ्यात. तुमच्याकडे सध्या एकच खातं असेल असा माझा अंदाज आहे, नाहीतर हा वाद निघालाच नसता. १ जुलैला नवं वर्ष सुरू होतं, त्याआधी दुसरं खातं उघडून घ्या.

आमच्याकडेही एकच खातं होतं. मी खजिनदार झालो त्या वर्षी मंडईत एक भाजीवाल्या मावशी मला म्हणाल्या, "गेल्या साली तुमचं शंभराचं तिकीट घेतलं होतं, त्याचं काय केलंत?" मला सांगता येईना. हिशेब होता, पण सगळा कालवलेला. मी आपलं "शाळेला वह्या दिल्या" म्हणून वेळ मारून नेली. त्यांनी पेंडी बांधता बांधता विचारलं, "कुठल्या शाळेला?"

आता ऑर्केस्ट्रा. तुमच्या २ लाख १६ हजारांच्या खर्चात गायकाचं मानधन सगळ्यात मोठं दिसेल, पण कार्यक्रम त्याने बुडत नाही. बुडवतात ते पास. प्रायोजकाला दहा, नगरसेवकाला सहा, ज्याच्याकडून खुर्च्या स्वस्तात आणल्या त्याला चार, आणि प्रत्येक सदस्याच्या घरचे. पहिल्या पाच रांगा 'आरक्षित' आणि रिकाम्या, आणि पैसे देऊन आलेला मास्तर मागे खांबाआड. त्यात साडेआठचा कार्यक्रम पाहुण्यांच्या सत्कारामुळे सव्वानऊला सुरू होतो आणि लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. लोक चिडून घरी जातात आणि पुढच्या वर्षी तिकीट घ्यायची वेळ आली की लग्नाला गेलेले असतात.

मोठा गायक आणून हे सुधारत नाही, फक्त आकडे वाढतात. करमणुकीचंच काही करायचं असेल तर नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट शो घ्या. प्रयोगाची रक्कम एकदा ठरली की ठरली. वीकएंड सोडून मधल्या वारी मागितला तर घासाघीस करता येते, आणि नाटक वेळेवर सुरू होतं, कारण मंडळींना रात्रीच पुढच्या गावी निघायचं असतं. स्मरणिका काढणार असाल तर एकच पथ्य पाळा: चेक हातात आल्याशिवाय पान छापायला जाऊ द्यायचं नाही. "छापा हो, बघू नंतर" म्हणणाऱ्यांची आमची उधारी तीन अध्यक्ष बदलले तरी वसूल झाली नाही, आणि ती माणसं रोज भेटतात, रामराम करतात.

आम्हाला सगळ्यात सोपं गेलं ते दिवाळीचा फराळ. बनवायचं काम बचत गटाच्या बायकांकडे, आमच्याकडे ऑर्डरी, डबे आणि पोचवणं. अट एकच, ऑर्डर आणि पैसे आधी. पहिल्या वर्षी उत्साहाने ऑर्डरीपेक्षा ऐंशी किलो जास्त केला आणि भाऊबिजेनंतर मऊ पडलेली चकली घराघरांत आम्हीच खाल्ली. आमच्या घरी तर पोह्यांतसुद्धा चकलीचा चुरा होता.

पण हे सगळं सांगूनही मी म्हणेन की तुमची गाडी उलटी जोडली आहे. तुम्ही आधी पैसा जमवला आणि आता त्याचं काय करायचं यावर भांडताय. आम्हीही सात-आठ वर्षं तेच केलं. अपघातानेच आम्ही दुसऱ्या वाटेला लागलो.

आमच्या एका सदस्याचे वडील मांडीचं हाड मोडून चार महिने अंथरुणाला होते. ते गेल्यावर घरात पलंग, एअर बेड, कमोड खुर्ची, वॉकर असं सगळं पडून होतं. तो सदस्य म्हणाला, भंगारात घालवत नाही, क्लबला घ्या. आम्ही एका सदस्याच्या गोदामात एक कोपरा मोकळा केला, एक लोखंडी कपाट आणि शंभर पानी रजिस्टर ठेवलं, आणि दारावर पाटी लावली: रुग्णोपयोगी साहित्य मिळेल. भाडं नाही, फक्त अनामत, वस्तू परत आली की अनामतही परत. आधारकार्डाची झेरॉक्स आणि एका ओळखीच्याचा फोन नंबर, बस्स. डॉक्टरची चिठ्ठी आम्ही मागत नाही. ज्याच्या घरी म्हातारं माणूस पडलंय त्याला अजून एका रांगेत का उभं करायचं?

पहिल्या महिन्यात चार वस्तू गेल्या. सहाव्या महिन्यात वॉकर शिल्लक राहिना. एक दिवस एक आजी रिक्षाने कमोड खुर्ची परत घेऊन आल्या. स्वच्छ घासलेली, पायाला गंज होता तिथे रंग मारून आणलेला. मी अनामतीचे हजार रुपये पुढे केले तर त्यांनी पाचशे घेतले आणि पाचशे रजिस्टरवर ठेवले. "ह्यांनी सहा महिने वापरली. आता दुसऱ्या कुणासाठी घ्या एक." त्यांनी ना आमची स्मरणिका पाहिली होती, ना क्लबचं नाव त्यांना धड घेता येत होतं. 'लायनवाले' म्हणाल्या.

तिथून मी रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब ठेवायला लागलो. त्या वर्षी ऑर्केस्ट्रातून उरले त्याच्या दुप्पट रक्कम आम्ही न मागता, वस्तू परत करायला आलेल्यांनी दिली होती. काहींनी अनामत सोडली, दोघांनी आईच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता पलंग दिला. मुंबईहून एका मुलाने पाच व्हीलचेअरचे पैसे पाठवले, कारण त्याच्या आईला रात्री साडेदहाला आमच्या माणसाने कपाट उघडून एअर बेड दिला होता. त्या मुलाला ऑर्केस्ट्राचं तिकीट मी कधीच विकू शकलो नसतो.

२०२१ च्या पुरातही हेच दिसलं. २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि इकडे दोन दिवसांत गावोगाव जुन्या कपड्यांचे ढीग जमले. आम्हीही टेम्पो भरायला घेतला होता. सुदैवाने कुणीतरी तिथल्या मंडळींना आधी फोन लावला. ते म्हणाले, साड्या नकोत, रस्त्यावर पडल्यात. घराघरांत गुडघाभर चिखल आहे, फावडी, खराटे, फिनाईल, गमबूट आणि गॅसच्या शेगड्या पाठवा. आम्ही तीच यादी बाजारपेठेत दुकानोदुकानी वाचून दाखवली, 'पूरग्रस्तांसाठी मदत' असं मोघम काही म्हटलं नाही. हार्डवेअरवाल्याने फावडी खरेदीच्या भावात दिली, वर दोन डझन स्वतःची घातली. ते सगळं घेऊन आम्ही कुंभार्ली घाट उतरून गेलो. कार्यक्रम नाही, तिकीट नाही, तरी आमच्या कुठल्याही ऑर्केस्ट्रापेक्षा जास्त जमलं होतं.

म्हणून आधी एक काम धरा आणि ते वर्षभर चालू द्या. कुठलं धरायचं हे गावावर आहे. लायन्समध्ये डोळ्यांचं काम परंपरेने आलंय. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी अमेरिकेतल्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहायचं आवाहन केलं, आणि भारतात लायन्स १९५६ मध्ये आलं ते हे काम घेऊनच. त्यामुळे नव्या क्लबचा पहिला कार्यक्रम नेत्रतपासणी असतो आणि फोटोत तो छान दिसतो. पण शिबिरात १८० जण तपासून ४० जणांना मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशनच्या दिवशी बसमध्ये १७ बसले, तर ते काम झालं असं मी मानत नाही. उरलेल्या २३ जणांची कारणं विचारा. कुणाची साखर वाढलेली, कुणाबरोबर यायला माणूस नाही, कुणाच्या डोक्यात 'ऑपरेशन थंडीतच करायचं' पक्कं बसलेलं. आम्ही आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करायला लागलो आणि सोबतच्या माणसाचीही बसमध्ये जागा धरली, तेव्हा आकडा तिशीच्या वर गेला. एका आजोबांनी आठ दिवसांनी थेंबांच्या बाटल्या सीलबंद परत आणल्या. घरात कुणाला वाचता येत नव्हतं, कुठली कधी घालायची कळेना. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळच्या बाटलीला आम्ही लाल दोरा बांधतो, चार वेळच्या बाटलीला हिरवा. या कामाला पैसे फार लागत नाहीत, कारण ऑपरेशन ट्रस्टचं हॉस्पिटल करतं. तुमच्या माथी बस, नाश्ता आणि फोन. माणसं मात्र लागतात.

रक्तदान करणार असाल तर ते मे महिन्यात करा. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी तालुक्यात चार शिबिरं होतात, रक्तपेढीकडे बाटल्या जास्त होतात, आणि लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. एकदा रक्त दिलेला पुरुष पुढचे ९० दिवस देऊ शकत नाही, बाई १२० दिवस. मग उन्हाळ्यात कॉलेजं बंद, लोक गावी, आणि नातेवाईक रक्तासाठी वणवण फिरतात. आणि रक्तदात्याला हेल्मेट, मिक्सर असली बक्षिसं देऊ नका. चहा-बिस्किट आणि प्रमाणपत्र पुरे.

वृक्षारोपणाबद्दल मी बोलत नाही. एक रोप आणि चौदा हात असलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. देणगीदार आयकरातल्या सवलतीसाठी ८०जी ची पावती मागतात. ती क्लबच्या नावावर सहसा देता येत नाही, त्यासाठी बहुतेक क्लब वेगळा ट्रस्ट काढतात. रोखीने २,००० च्या वर दिलं तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, म्हणून क्यूआर कोड किंवा चेकच घ्या. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१क चं काय करावं लागतं ते तुमच्या सीएला विचारून घ्या. एमआयडीसीतल्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनी समाजकामासाठी देते तो पैसा, हवा असेल तर ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी लागते आणि मागच्या कामाची नोंद दाखवावी लागते. तिथे आमचं ते शंभर पानी रजिस्टर कामाला आलं. कंपनीच्या बाईंनी आमचं प्रेझेंटेशन मध्येच थांबवलं, रजिस्टर मागितलं, दहा मिनिटं पानं उलटली आणि विचारलं, "हे पलंग कोण उचलतं?"

दुसऱ्या गटाला, म्हणजे पाच-पाच हजारवाल्यांना, तुम्ही एक सांगू शकता. पैसे देऊन मोकळं व्हायची सवय लागली की बैठकीला कुणी येत नाही. पाच हजारांऐवजी महिन्यातले दोन शनिवार मागा. किती जण तयार होतात बघा, मग खरी सदस्यसंख्या कळेल.

आता तुमचे १८,४००. आमच्याकडच्या भावाने त्यात तीन वॉकर, दोन कमोड खुर्च्या, एक एअर बेड आणि एक साधी व्हीलचेअर बसावी. पलंग आत्ताच विकत घेऊ नका, पाटी लागली की महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी देईल. एअर बेडचा पंप घेताना दुकानातच अर्धा तास चालवून बघा. आणि वॉकरच्या पायाचे रबरी बूट डझनभर जादा घ्या, सगळ्यात आधी तेच झिजतात.