कीर्तनाच्या दौऱ्यात पगडी कशी न्यावी

नवीन पगडी घेतलीस, छान. आता कपड्यांच्या बॅगेत ती कोंबू नकोस. पगडी बांधीव असते, एकदा घेर चेपला की घरी नीट बसवता येत नाही.

पगडीपेक्षा चार बोटं मोठा, घट्ट झाकणाचा कडक डबा घे. तळाशी जुन्या धोतराची चुंबळ करून ठेव आणि पगडी तिच्यावर बसव. आत मऊ सुती कापडाचा बोळा भर, पण ठासून नको. पुढचं टोक आणि जरीचा गोंडा डब्याला घासता कामा नये. हलवून बघ, आवाज आला तर बाजूने मलमल सार. वर्तमानपत्र अजिबात वापरू नकोस, शाई लागते.

सगळ्यात महत्त्वाचा घाम. कीर्तन संपलं की लगेच डबा बंद करायचा नाही. आतला भाग कोरड्या फडक्याने टिपायचा, रात्रभर सावलीत वारं लागू द्यायचं. कोकणात पावसाळी कार्यक्रम असेल तर सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. डांबरगोळ्या आणि अत्तर मात्र जरीपासून लांब ठेव, जर काळी पडते.

एसटीत डबा मांडीवरच घे. वरच्या फळीवर कोण काय ठेवेल, सांगता येत नाही.