आधी बैठक, मग राग

प्रश्न : आमच्या धरमपेठेतील वाचनमंडळात आम्ही दहा-बारा जणी दर महिन्याला जमतो. आजवर कादंबऱ्याच वाचल्या. यंदा संगीत, इतिहास आणि लोकसंस्कृती यांवरचे लेख वाचायचे ठरवले आहे. मात्र पहिलाच लेख रागांच्या नावांनी इतका भरलेला निघाला की निम्म्या जणींनी तो अर्ध्यावर सोडला. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, नागपूर

उत्तर : दोष आपल्या मैत्रिणींचा नाही, निवडीचा आहे. गाण्यावरचा लेख वाचून झाल्यावर एखादी ध्वनिमुद्रिका ऐकावीशी वाटली, तरच तो लेख कामी आला असे मी मानतो. म्हणून आधी रागांची चर्चा करणाऱ्याकडे न जाता गाण्याच्या बैठकीत बसलेल्या माणसाकडे जावे. गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ त्यासाठी घ्यावे. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते आणि ‘संगीत मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चाली त्यांच्याच. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग त्या पदांत उतरला आणि ज्यांनी कधी बनारस पाहिले नव्हते अशा घरांतही तो गुणगुणला जाऊ लागला. संगीत, इतिहास आणि लोकांची आवड हे तीन विषय निराळे नाहीत, हे एवढ्या एका उदाहरणावरून कळते.

त्यानंतरच वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’कडे वळावे. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये प्रत्येक घराण्याची, म्हणजे गायनपरंपरेची, जागा कुठे, हे त्यांनी मांडून दाखवले आहे : किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, आणि जयपूर या दोहोंचा तोल सांभाळणारे. हे कागदावर पटते, पण कानाला पटायला वेळ लागतो. त्यासाठी मंडळात एक प्रयोग अवश्य करावा. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकातले ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोन वेगवेगळ्या चालींत आहे; त्या दोन्ही लागोपाठ लावाव्यात आणि मधे कोणी काही बोलू नये. शब्द तेच असताना गाणे किती बदलते, हे ऐकल्यावर घराण्याची चर्चा कोरडी वाटेनाशी होते. त्यातली खाँसाहेब या पात्राची चाल गाणाऱ्या डॉ. वसंतराव देशपांडे यांची सुरुवातीची तालीम आपल्याच नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे झाली होती. सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या नावाच्या सभागृहात आपण जातोच. आता त्या नावामागचा आवाजही निवांतपणे ऐकावा.

इतिहासासाठी य. न. केळकर यांनी संपादित केलेले ‘ऐतिहासिक पोवाडे’ घ्यावेत. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा मनात न वाचता मोठ्याने म्हणून पाहावा, कारण तो डफ-तुणतुण्यावर म्हणण्यासाठीच रचला गेला. शाहिराने काय रंगवले आणि काय गाळले, ही चर्चा एका बैठकीत संपणार नाही.

चित्रपटाची आवड असणाऱ्यांनी अरुण खोपकर यांचे ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ वाचावे. ते सोपे नाही, पण त्यानंतर पडदा निराळा दिसतो.

लोकसंस्कृतीसाठी रा. चिं. ढेरे यांचे ‘लोकसंस्कृतीचे उपासक’ मला सर्वांत जवळचे आहे. पहाटे दारी येणारा मोरपिसांच्या टोपीचा वासुदेव, गोंधळी, पोतराज यांच्याकडे ते करमणूक करणारे म्हणून पाहत नाहीत. प्रत्येकामागची उपासना शोधतात. हे पुस्तक पोळ्याच्या आधी संपवावे, अशी माझी सूचना आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत महागाईवर आणि पुढाऱ्यांवर बोट ठेवणारे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीने रस्ते दणाणतात. त्या गर्दीत या वर्षी वही घेऊन उभे राहावे. कोणत्या बडग्यापाशी लोक थांबले आणि कोणत्या आरोळीला सगळ्या रस्त्याने साथ दिली, ते टिपून ठेवावे आणि पुढच्या बैठकीत आपल्यापैकी एकीने त्यावरचा स्वतःचा लेख वाचावा.