गिनीपिगचा मूतखडा: ऑपरेशन करावं की औषधावर ठेवावं?

प्रश्न : आमची गिनीपिग मादी साडेचार वर्षांची आहे. लघवीत रक्त दिसतं आणि लघवी करताना ती पाठ वर काढून किंचाळते. एक्स-रेमध्ये मूत्राशयात 7 मिमीचा खडा निघाला. वजन महिन्याभरात 920 ग्रॅमवरून 840 वर आलं आहे. खाते, पण पूर्वीसारखं नाही. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. दुसरे म्हणतात, एवढ्याशा जिवाला भूल झेपणार नाही, औषधावर ठेवा. आम्ही काय करावं?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘औषधावर ठेवा’ म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करून घ्या. गिनीपिगचे मूतखडे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि कुठल्याही औषधाने ते विरघळत नाहीत. मांजरांचे काही खडे खास खाद्याने विरघळतात, पण गिनीपिगच्या बाबतीत ती सोय नाही. वेदनाशामकाने दुखणं कमी होईल, अँटिबायोटिकने जंतुसंसर्ग आटोक्यात येईल, खडा मात्र आत घासतच राहील. मादीचा मूत्रमार्ग नरापेक्षा रुंद असतो, त्यामुळे बारीक खडा कधी कधी आपोआप पडतो. 7 मिमीच्या खड्याबाबत ती आशा धरू नये. म्हणजे तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत: ऑपरेशन, नाहीतर उरलेले दिवस कमीत कमी त्रासात काढणं.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून आमचा कल ऑपरेशनकडे आहे, आणि तेही लवकर. गिनीपिग साधारण 5 ते 7 वर्षं जगतो, त्यामुळे केवळ वयासाठी नकार देण्याचं कारण नाही. काळजी वजनाची आहे. तिचं वजन जवळपास 9 टक्के उतरलंय. घट 10 टक्क्यांच्या पुढे गेली की भुलेचा धोका आणि नंतर आतडी मंदावण्याचा धोका, दोन्ही वाढतात. ‘खाणं अगदीच बंद झालं की बघू’ असं ठरवणारे पालक नेमकी चुकीची वेळ निवडतात.

पण टेबलावर घेण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, एक्स-रेमध्ये मूत्रपिंडापासून मूत्रमार्गाच्या टोकापर्यंतचा सगळा भाग आलाय ना, ते बघा. फोटोत शेवटचा भाग कापला जातो आणि दुसरा खडा नेमका तिथेच बसलेला असतो, असं होतं. दुसरी, सोनोग्राफी. या वयाच्या माद्यांमध्ये अंडाशयाच्या गाठी आणि गर्भाशयाचे आजार सर्रास असतात, आणि लघवीत दिसणारं रक्त कधी कधी गर्भाशयातून आलेलं असतं. मूत्रपिंडाला सूज आहे का, तेही यातच कळतं. तिसरी, क्रिएटिनिन आणि युरियासाठी रक्ततपासणी, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करतात का ते कळेल. त्याला अर्धा ते एक मिली रक्त पुरतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक्स-रे पुन्हा काढायला सांगा. खडा सरकून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आला असेल, तर मादीमध्ये भूल देऊन तो चिमट्याने काढता येतो, पोट फाडावं लागत नाही. खडा मूत्रपिंडात किंवा मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत) असेल तर मात्र आमचं उत्तर बदलतं. ती शस्त्रक्रिया फार अवघड आहे.

भुलेची भीती निराधार नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे 2008 साली प्रसिद्ध झाले. भूल दिल्यापासून 48 तासांत दगावण्याचं प्रमाण त्यात कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24, सशांत 1.39 आणि गिनीपिगांत 3.80 टक्के निघालं. यात आजारी आणि धडधाकट दोन्ही प्राणी होते. धोका कुत्र्याच्या वीस पटींहून जास्त, हे खरं. पण शंभरातले शहाण्णव वाचले, हेही खरं. ‘झेपणारच नाही’ हे वाक्य आकड्यांत बसत नाही. त्यातही कोण ऑपरेशन करतं, याने फार फरक पडतो. म्हणून डॉक्टरांना पुढचं थेट विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

गिनीपिगवर आजवर किती ऑपरेशनं केलीत? रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं, तर दुसरे डॉक्टर शोधा. गिनीपिगला उलटी होत नाही आणि त्याची आतडी रिकामी राहणं धोक्याचं असतं. तोंडातला घास संपावा म्हणून फार तर दोनेक तास खाणं थांबवतात आणि भुलेआधी तोंड पुसून घेतात. भूल आयसोफ्लुरेन किंवा सेवोफ्लुरेन वायूची आहे का? अंगाखाली गरम पॅड असतो का? एवढं लहान शरीर टेबलावर झपाट्याने गार पडतं, आणि गार पडलेला प्राणी भुलेतून उशिरा उठतो. वेदनाशामक ऑपरेशनच्या आधीपासून देणार ना?

आणि अँटिबायोटिक कोणतं? पेनिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांनी गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी जुलाबाने जातो. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा सहसा चालतं. कुत्र्या-मांजरांच्या सवयीने लिहिलेली चिठ्ठी इथे खड्यापेक्षा घातक ठरू शकते, तेव्हा औषधाचं नाव वाचल्याशिवाय पहिला डोस देऊ नका.

ऑपरेशनआधीचे दोन-तीन दिवस तिला भरवण्यात घालवा. सिरिंजने द्यायचं रिकव्हरी खाद्य मिळालं तर उत्तम, नाहीतर तिचे नेहमीचे पेलेट (गोळीखाद्य) कोमट पाण्यात भिजवून, घोटून पातळ करा. तिच्या वजनाला दिवसाला 40 ते 60 मिली, पाच-सहा वेळांत विभागून. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने घाला. एका वेळी अर्धा ते एक मिली सोडा, चावू द्या, मग पुढचं. सरळ घशात सोडलं तर ते फुफ्फुसात जातं. गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही आणि ते कमी पडलं तर जखम भरत नाही. आजारपणात तिला रोज 25 ते 40 मिग्रॅ लागेल. लहान मुलांच्या थेंबांच्या बाटलीवर ‘1 मिलीमध्ये 100 मिग्रॅ’ असं असेल तर 0.3 मिली तोंडात द्या. पाण्यात मिसळू नका, त्याचा जोर लवकर जातो.

ऑपरेशननंतर हेच भरवणं सुरू राहतं, रात्रीसुद्धा. निर्णयाचा खरा कस इथे लागतो. पहिले तीन दिवस दर तीन-चार तासांनी उठणारं कोणी घरात असेल तरच होकार द्या. रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. लेंड्या मोजा, त्यांचा आकार बघा. बारा तासांत लेंडी पडली नाही, पोट फुगलं किंवा दात खाण्याचा आवाज येऊ लागला तर सकाळची वाट पाहू नका. दोन-तीन दिवस लघवी थोडी लालसर असेल, ते चालतं. पिंजऱ्यात भुसा नको, जुने सुती टॉवेल घाला. जोडीदार असेल तर तिला फार काळ एकटं ठेवू नका, एकटी पडलेली गिनीपिग खाणं सोडते.

नकार कधी द्यावा? दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत असतील, वजन पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक उतरलं असेल, किंवा ती अंग टाकून पडली असेल तर आम्ही कापायला सांगणार नाही. मग वेदनाशामक, आणि तेही पुरेनासं झालं की दयामरण. त्यासाठी आधी गुंगीचं औषध आणि मगच शेवटचं इंजेक्शन, हा क्रम डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रश्न : आमच्या नर गिनीपिगने कालपासून लघवी केलेली नाही. पोट कडक लागतं. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडा अडकला की मूत्राशय फाटू शकतं. हे वाचत असाल तेव्हाच निघा. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, लघवी होण्याची औषधं देऊ नका. जवळपास तज्ज्ञ नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फोन करून शस्त्रक्रिया विभागात आज कोण आहे ते विचारा. उन्हात नेताना खोक्याशेजारी थंड पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. तापमान तिशीच्या वर गेलं की गिनीपिगला उष्माघात होऊ शकतो.

प्रश्न : ऑपरेशन होऊन खडा निघाला. पुन्हा होऊ नये म्हणून पालक आणि कोथिंबीर बंद केली. एवढं पुरेल?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : पुरणार नाही. पालक बंद केलात ते बरं केलंत, कोथिंबिरीच्या चार काड्यांनी मात्र काही बिघडत नाही. पहिला संशय लसूणघासावर (अल्फाल्फा या चाऱ्यावर) घ्या. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, पिल्लांना आणि गाभण मादीला ते ठीक, प्रौढ गिनीपिगला नको. त्याऐवजी टिमोथी किंवा आपल्याकडचं स्वच्छ वाळलेलं गवत दिवसभर समोर असू द्या. पेलेटही लसूणघासाचे नाहीत ना, ते पिशवीवर वाचा आणि दिवसाला एक मोठा चमचाच द्या. भोपळी मिरची, काकडी रोज चालेल. पाण्याच्या दोन बाटल्या लावा, भाजी ओलीच घाला. लघवी पातळ राहणं महत्त्वाचं. कॅल्शियम अगदी शून्यावर आणू नका, दात आणि हाडांना ते लागतंच.

तरीही खडा परत येऊ शकतो. एकाच पिंजऱ्यात, एकाच खाद्यावर वाढलेल्या दोघांपैकी एकालाच तो होतो. तीन महिन्यांनी, आणि मग दर सहा महिन्यांनी एक एक्स-रे काढा. लघवी वाळल्यावर पांढरट भुकटी दिसली तर घाबरू नका, ती वाळूसारखी खरखरीत लागली तर एक्स-रेसाठी तारखेची वाट पाहू नका.