‘फॅक्टरी प्रोटोटाइप ट्रायल्स मोटारसायकल’ मराठीत कशी लिहावी?

वाळूज एमआयडीसीत दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : ‘फॅक्टरी प्रोटोटाइप ट्रायल्स मोटारसायकल’ला ‘कारखान्यातील प्राथमिक चाचणी मोटारसायकल’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पण असं का सुचलं ते कळतं. वाळूज, चिकलठाण्यात ‘ट्रायल’ हा रोजचा शब्द. नवी डाय आली की ट्रायल घ्यायची, सॅम्पल पास झालं की लॉट काढायचा. इथला ‘ट्रायल्स’ मात्र एका खेळाचं नाव आहे. खडक, ओढे, चिखलाचे चढ यांतून गाडी पाय न टेकता काढायची. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली किंवा अडली की थेट पाच. वेगाला फारशी किंमत नाही, म्हणून ‘शर्यत’ही म्हणता येत नाही. ‘कसोटी’ छान बसला असता, पण तो क्रिकेटने कधीच नेला.

‘फॅक्टरी’ही फसवा आहे. इथे त्याचा अर्थ कारखान्याची इमारत नसून ‘खुद्द कंपनीची’ असा आहे. कंपनीच्या पगारी स्वारालाही फॅक्टरी रायडरच म्हणतात. प्रोटोटाइपला ‘आद्यप्रतिरूप’ कोशात ठीक, कामाला ‘नमुना’ बरा. (माणसाला लावला की त्याच शब्दाची शिवी होते, ते सोडा.)

हे नमुने बनतात कसे, ते पाहिलं की शब्द आपोआप जागेवर बसतात. १९६४ मध्ये स्पेनच्या बुल्टाको कंपनीने सॅमी मिलर या आयरिश स्वाराला बोलावलं. तोवर तो ५०० सीसीची ब्रिटिश एरियल चालवायचा. त्याच्या हाताखाली बुल्टाकोची हलकी टू-स्ट्रोक घडली. रोज खडकावर न्यायची, काय खटकलं ते सांगायचं, बदलून पुन्हा न्यायची. त्यातून शेर्पा टी आली आणि १९६५ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा मिलरने तिच्यावरच जिंकली. पुढे यामाहाने मिक अँड्र्यूज या स्वाराला घेऊन हेच केलं. १९७४ आणि १९७५ला तीच स्पर्धा त्याने यामाहावर मारली.

नमुना दरवेळी दुकानात येतोच असं नाही. यामाहाने २०१८ मध्ये टीवाय-ई ही विजेवरची ट्रायल्स गाडी खास स्पर्धेसाठी बनवली. केनिची कुरोयामा हा स्वार तिच्यावर ट्रायल-ई कप या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेत दुसरा आला. तिची सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे क्लच. विजेच्या मोटरला क्लच लागत नाही, तरी तो ठेवला. क्लच दाबून मोटर आधी फिरवून घ्यायची आणि खडकासमोर एकदम सोडायचा, म्हणजे साठलेल्या फेऱ्यांचा झटका चाकाला मिळतो. ट्रायल्सवाल्यांचं निम्मं कसब डाव्या हाताच्या एका बोटात असतं.

तेव्हा पहिल्यांदा ‘ट्रायल्स स्पर्धेसाठी कंपनीने स्वतः बनवलेली नमुना मोटारसायकल’ असं सविस्तर लिहा, पुढे नुसतं ‘नमुना गाडी’ पुरे. ‘ट्रायल्स’मधला ‘स’ मात्र गाळू नका. ‘ट्रायल मोटारसायकल’ लिहिलंत, तर शोरूमबाहेर गिऱ्हाइकाला चक्कर मारायला ठेवलेली गाडीच डोळ्यांपुढे येईल.